एका इंजेक्शनचा रोग

पिंपरीत 'एच.ए.' म्हटलं की लोकांना कॉलनी आणि मैदान आठवतं. पण या दोन अक्षरांमागे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आहे, १९५४ साली सरकारने उभा केलेला पेनिसिलीनचा कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मदतीला होत्या. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं.

याच दोन संस्था तेव्हा भारतात आणखी एका मोहिमेच्या पाठीशी होत्या. रोगाचं नाव यॉज. कधी ऐकलंय? मीही बरीच वर्षं ऐकलं नव्हतं. हा मुख्यतः लहान मुलांचा त्वचारोग. खरचटलेल्या कातडीतून जंतू शिरतो, आधी एक गाठ येते, मग अंगभर ओले फोड. उपचार झाले नाहीत तर पुढे हाडं वाकतात, नाक झडतं. जीव सहसा जात नाही, आणि बहुधा म्हणूनच फारसं कुणी लक्ष दिलं नाही. रोग होता जंगलातल्या, रस्ता संपतो त्याच्या पुढच्या पाड्यांवर; आपल्याकडे जुन्या चांदा जिल्ह्यात. लोक त्याला 'कोया रोग', 'माडिया रोग' म्हणत. म्हणजे रोग गरिबीचा आणि नाव जमातीचं!

उपाय मात्र सोपा : दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचं एकच इंजेक्शन. १९५२ ते १९६४ दरम्यान ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र, मद्रास आणि महाराष्ट्रात पथकं फिरली. रोग जवळजवळ संपला. मग मोहीम गुंडाळली, आणि काही वर्षांत रोग परत आला.

आमच्या धंद्यात याला 'बग क्लोज केला, पण फिक्स नाही केला' म्हणतात. :) फोड दिसणाऱ्या एका मुलामागे जंतू लपवून बसलेली, वरून धडधाकट दिसणारी मुलं असतात. ती राहिली की सगळं पहिल्यापासून.

१९९६ मध्ये ओडिशातल्या कोरापुटपासून पुन्हा सुरुवात झाली. यावेळी घरोघर शोध, आणि रुग्णाबरोबर त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना इंजेक्शन. त्या वर्षी ३५७१ रुग्ण सापडले होते, २००३ मध्ये ४६, आणि २००४ पासून एकही नाही. तरी तपासणी थांबवली नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त जाहीर केलं.

२०१२ पासून तर इंजेक्शनही लागत नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एक डोस तोंडाने दिला की पुरतो. औषध १९५४ लाही होतंच म्हणा. शेवटच्या पाड्यापर्यंत चालत जाऊन, रुग्ण नाही असं दिसल्यावरही पुन्हा जायला मात्र आपल्याला पन्नास वर्षं लागली.