मुसलमानांचे शिक्षण : समज आणि मोजमाप

मुसलमानांची मुले शिक्षणात मागे का, असे कोणी विचारले तर दोन उत्तरे हटकून ऐकू येतात. बाहेरचा मनुष्य म्हणतो, हे लोक मुलांना मदरशात घालतात. आपल्यातले बुजुर्ग म्हणतात, शिकून तरी नोकरी कोठे मिळते? ही उत्तरे फार जुनी आहेत. देशभराच्या आकड्यांवर त्यांची नीट परीक्षा मात्र फार उशिरा झाली आणि त्या कामात अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा मोठा वाटा होता.

१८७१ साली विल्यम हंटर या बंगालमधील इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानी मुसलमानांवर पुस्तक लिहिले. बंगाल सरकारच्या वरच्या २१११ जागांपैकी अवघ्या ९२ जागांवर मुसलमान आहेत, हे त्याने मोजून दाखविले. आपले म्हणणे दक्षिण बंगालपुरते आहे, असेही त्याने स्पष्ट लिहिले होते. परंतु ती मर्यादा वाचणारे विसरले. मुंबईचा मेमण व्यापारी, कोकणातला खलाशी, मालेगावचा विणकर यांची स्थिती एकमेकांहून किती निराळी! तरी सगळ्यांना बंगालच्याच मापाने मोजण्याची वहिवाट पडली. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्षपदही हंटरकडेच होते.

स्वातंत्र्यानंतर जनगणनेत धर्मवार लोकसंख्या छापली जाई. धर्मवार साक्षरतेचे व रोजगाराचे तक्ते मात्र २००१ च्या जनगणनेतून हाती आले. मधल्या काळात डॉ. गोपाल सिंग समितीने १९८३ मध्ये अहवाल दिला होता, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही. मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली. तिचे सदस्य-सचिव डॉ. अबूसालेह शरीफ हे अर्थशास्त्रज्ञ. जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी, सरकारी खाती, बँका, जेथून मिळेल तेथून आकडे मागवून समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल सादर केला.

मदरशाचेच पाहा. शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात शिकणारी मुले चार टक्क्यांहूनही कमी निघाली! मग एवढा गैरसमज का झाला? समितीने दाखविलेले कारण मोठे मार्मिक आहे. मदरसा आणि मकतब यांची गल्लत होत होती. मशिदीला लागून असलेल्या मकतबात मूल सकाळ-संध्याकाळ कुराणपठणाला जाते आणि उरलेल्या वेळी साध्या शाळेत बसते. आपल्या मोहल्ल्यात हे रोज दिसते. (आपणही त्या वर्गाला बोलताना ‘मदरसा’च म्हणतो, तेव्हा दोष सगळा परक्यांचा नाही.) मोजणाऱ्याने आधी शब्दाचा अर्थ ठरविला नाही, तर आकडाच खोटे बोलू लागतो.

दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. सहा ते चौदा वयाच्या मुसलमान मुलांपैकी सुमारे पंचवीस टक्के मुले एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. बारा टक्क्यांहून अधिक मुसलमान कामकरी पुरुष रस्त्यावर माल विकून पोट भरत होते. देशाची सरासरी आठाच्या आत होती. भारतीय प्रशासकीय सेवेत मुसलमान तीन टक्के. शिक्षणाचा मोबदला मिळेल असा भरवसाच आईबापांना वाटत नाही, म्हणून गॅरेजमध्ये किंवा हातगाडीवर मुलाची आजची कमाई त्यांना जवळची वाटते. बुजुर्गांचे म्हणणे अशा रीतीने अर्धे खरे ठरले. माझ्या मते उरलेले अर्धे आपणच खरे करून दाखवितो, कारण पदवीधर नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर नोकरी नाही.

महाराष्ट्राचे आकडे तर चक्रावून टाकतात. २००१ साली येथील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्क्यांहूनही वर होती. लोकसंख्येत वाटा १०.६ टक्के, समितीला मिळालेल्या माहितीत सरकारी नोकऱ्यांत मात्र ४.४ टक्के. लिहावाचायला आलेले मूल पुढे जाते कोठे? महमूदुर रहमान समितीने राज्यापुरता अभ्यास करून २०१३ मध्ये अहवाल दिला. जुलै २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. त्यातील शिक्षणाचा भाग उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये चालू ठेवला, नोकऱ्यांचा स्थगित केला. डिसेंबरमध्ये अध्यादेशाची मुदतच संपली.

या प्रश्नाचा एक धागा आपल्या शाळांच्या कपाटातही आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. एखाद्या दुपारी जुन्या दाखल्यांच्या स्थळप्रती काढून पाहा. बहुतेकांवर एकाच हस्ताक्षरात एकच ओळ सापडेल, ‘पालकांच्या विनंतीवरून’. मुलगा गॅरेजमध्ये गेला, की बाप आजारी पडला, की मुलीसाठी जवळ हायस्कूलच नव्हते, ते त्या ओळीत कोठेच नाही.