सहलीला निघालेली खुर्ची: आजारी माणसाला सोबत नेण्याचा चारशे वर्षांचा इतिहास

१/ कुटुंबाची सहल ठरते. तिकिटे निघतात, खोल्या ठरतात, आणि मग कुणीतरी हळूच विचारते, ‘आजीचं काय?’ गुडघे साथ देत नाहीत, चार पावलांत धाप लागते. काठी पुरेल की वॉकर न्यावा? व्हीलचेअर घरून न्यावी की तिकडेच भाड्याने घ्यावी? प्रश्न घरगुती वाटतो. पण तो राजवाड्यांत, औषधी झऱ्यांच्या गावांत आणि थंड हवेच्या ठिकाणी शतकानुशतके विचारला गेला आहे. त्याच्या उत्तरांचा हा धागा.

२/ सुरुवात स्पेनपासून. राजा दुसरा फिलिप उतारवयात गाऊटने, म्हणजे सांध्यांच्या तीव्र विकाराने, जर्जर झाला होता. त्याच्या दरबारातील जेहान लेर्मित याने १५९५च्या सुमारास राजाच्या खास खुर्चीचे रेखाटन करून ठेवले. पाठ मागे कलणारी, पाय ठेवण्यास हलती फळी, खाली लहान चाके. आजच्या व्हीलचेअरचे पूर्वरूप त्यात स्पष्ट दिसते.

३/ तरी या खुर्चीची मर्यादा मोठी होती. महालाच्या गुळगुळीत फरशीपलीकडे ती चाके निरुपयोगी. १५९८च्या उन्हाळ्यात मरणासन्न राजाने माद्रिदहून एस्कोरियल या आपल्या आवडत्या प्रासादाकडे जायचे ठरवले. अंतर सुमारे ५० किलोमीटर. सेवकांनी त्याला आसनासह हातांवर तोलून नेले आणि त्या वाटेला जवळजवळ आठवडा लागला. अर्ध्या जगावर हुकूम चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या खुर्चीचे तोंड वळवता येत नव्हते.

४/ खुर्चीचे तोंड कोण वळवणार, या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर एका कारागिराने दिले. जर्मनीतील न्युरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फचा घड्याळजी श्टेफान फार्फ्लर याला चालता येत नव्हते. १६५५मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीनचाकी खुर्ची बनवली. समोरच्या चाकाला दाते आणि हाताने फिरवायचे दांडे जोडले. घड्याळातील चक्रांची विद्या त्याने प्रवासाला लावली. राजाच्या पदरी जे नव्हते ते या घड्याळजीने मिळवले. त्याला कुठे जायचे ते त्याचे त्याला ठरवता येऊ लागले.

५/ आता इंग्लंडमधील बाथ या गावी जाऊ. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी रोमन काळापासून प्रसिद्ध असलेले हे ठिकाण अठराव्या शतकात श्रीमंतांचे विश्रामस्थान झाले. रुग्ण झऱ्यासाठी येत, सोबतचे नातलग नाच-गाणे आणि पत्त्यांसाठी. आजारपण आणि सुट्टी एकाच घरात उतरत. रुग्णाला निवासापासून कुंडापर्यंत नेण्यासाठी ‘सेडन चेअर’ असे. ही दांड्यांवर उचललेली बंद पेटी दोन भोई वाहत. आपल्याकडच्या मेण्याची ही विलायती बहीण. घराच्या आत, थेट शयनगृहापर्यंत ती येई, ही तिची मोठी सोय.

६/ याच गावात १७५०च्या सुमारास जेम्स हीथ याने चाकांची खुर्ची आणली, ती पुढे ‘बाथ चेअर’ म्हणून ओळखली गेली. मागे दोन चाके, पुढे एक. मदतनीस ती ढकलत किंवा ओढत असे, पण पुढच्या चाकाची मूठ बसलेल्या माणसाच्या हातात असे. श्रम दुसऱ्याचे, दिशा रुग्णाची. दोन माणसांचे काम एकावर आल्याने ती स्वस्तही पडली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या समुद्रकाठच्या सहलींच्या गावांत अशा खुर्च्या भाड्याने मिळू लागल्या. ‘तिकडे गेल्यावर भाड्याने घेऊ’ हा पर्याय इतका जुना आहे.

७/ मात्र बाथ चेअर मोठी आणि जड. सपाट रस्त्यावर शोभे, पण चढावर मदतनिसाची परीक्षा पाही आणि जिन्यापाशी थांबे. भाड्याची खुर्ची त्या गावातच राहणार. रेल्वे आल्यावर कुटुंबे एका दिवसात शंभर मैल जाऊ लागली, तरी ही खुर्ची तिच्या पदपथावरच राहिली. प्रवासात सोबत येईल अशा खुर्चीसाठी विसावे शतक उजाडावे लागले.

८/ ऑगस्ट १९२१. कॅनडातील कॅम्पोबेलो बेटावर एक अमेरिकी कुटुंब नेहमीप्रमाणे उन्हाळ्याच्या सुट्टीला आले होते. ३९ वर्षांचे वडील दिवसभर मुलांसोबत होड्या, पोहणे यांत रमले, संध्याकाळी हुडहुडी भरली म्हणून झोपले आणि थोड्याच दिवसांत त्यांचे दोन्ही पाय गेले. निदान झाले पोलिओचे. हे गृहस्थ म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट. सप्टेंबरात त्यांना स्ट्रेचरवरून होडीत आणि होडीतून आगगाडीत चढवले गेले. सुट्टीला स्वतःच्या पायांनी आलेला माणूस दुसऱ्यांच्या हातांवर परतला.

९/ त्या काळच्या व्हीलचेअर वेताच्या, रुंद, हातांच्या आणि अवजड असत. रूझवेल्ट यांनी त्या नाकारल्या. साध्या, बिनहातांच्या घरगुती खुर्चीचे पाय कापून तिला चाके जोडून घेतली. अरुंद असल्याने ती कोणत्याही दारातून जाई आणि चटकन वळे. हाइड पार्क येथील त्यांच्या घरी ट्रंका वर चढवण्यासाठी एक लहान हातलिफ्ट होती. तिचे दोर स्वतःच्या हातांनी ओढून ते वरच्या मजल्यावर जात. सामानासाठी केलेल्या लिफ्टमधून ते सामानासारखे वर ढकलले गेले नाहीत. दोर त्यांच्याच हाती होता.

१०/ १९२४मध्ये ते जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील कोमट झऱ्यांवर गेले. पाय परत आले नाहीत, पण पाण्यात शरीर हलके होई. १९२६मध्ये त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तेथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था उभी केली. तेथील रस्त्यांवर ते पायांऐवजी हातांनी चालवता येणारी मोटार हाकत. इतर वेळी, विशेषतः छायाचित्रकारांसमोर, ते आपले साधन शक्य तितके झाकत. लोक दुबळा समजतील ही धास्ती राष्ट्राध्यक्षालाही सुटली नाही. घरातील वडीलधारी माणसे ‘मला नको ती खुर्ची’ म्हणतात, तेव्हा हे आठवावे.

११/ दाराचा प्रश्न सुटला तरी मोटारीचा उरलाच होता. हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाण-अभियंते १९१८च्या खाणीतील अपघातानंतर खुर्चीला खिळले होते. त्यांना मोटारीने फिरायचे होते, पण खुर्ची गाडीत मावेना. मित्र हॅरी जेनिंग्ज हे यंत्र-अभियंते. दोघांनी १९३३च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये पोलादी नळ्यांची खुर्ची घडवली. बैठकीखाली दोन नळ्या कात्रीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या. बैठक वर ओढली की दोन्ही बाजू जवळ येऊन खुर्ची मिटे. आज रेल्वे स्थानकावर किंवा विमानतळावर जी घडीची व्हीलचेअर दिसते, ती याच रचनेची वारस.

१२/ मग वजनाची पाळी आली. १९७८मध्ये मॅरिलिन हॅमिल्टन या हँग-ग्लायडिंग करताना कोसळल्या आणि त्यांचे चालणे थांबले. प्रचलित खुर्च्या त्यांना ओझे वाटल्या. ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांनी त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून त्यांच्यासाठी हलकी खुर्ची केली. फार्फ्लर, रूझवेल्ट, एव्हरेस्ट, हॅमिल्टन: मोठी सुधारणा वारंवार त्याच माणसाकडून आली, ज्याला त्या खुर्चीत बसायचे होते.

१३/ आता आपल्या माथेरानला. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५०मध्ये या डोंगरावर आले आणि पुढे तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. वर जायचे ते पायी, घोड्यावर किंवा माणसांच्या खांद्यावर. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या प्रयत्नांतून १९०७मध्ये नेरळ-माथेरान छोटी गाडी सुरू झाली, आणि वृद्ध-रुग्णांसाठी डोंगर खऱ्या अर्थाने उघडला. पण गावात मोटारीला बंदी. दस्तुरीच्या नाक्यापुढे, तांबड्या मातीच्या चढावर, आजींसाठी उरे ती हातरिक्षा: एकाने ओढायची, बाकीच्यांनी मागून रेटायची.

१४/ इथे या इतिहासातली दडलेली बाजू समोर येते. फिलिपचे सेवक, बाथचे भोई, माथेरानचे रिक्षाचालक: एका शरीराचा आराम दुसऱ्या शरीराच्या झिजेवर उभा होता. २०२२च्या अखेरीस माथेरानमध्ये प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि चालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. न्यायालयाने पुनर्वसनाचा आग्रह धरला, हे महत्त्वाचे. ओढणाऱ्याची रोजी बुडवून मिळालेली मुक्ती अर्धीच असती.

१५/ मग आपल्या सहलीसाठी काय निवडावे? इतिहासाने चार कसोट्या ठेवल्या आहेत. दिशा कुणाच्या हाती? हातात बळ असेल तर मोठ्या मागच्या चाकांची, स्वतः फिरवता येणारी खुर्ची. नसेल तर लहान चाकांची, ढकलण्याची. दारातून जाईल का? मुक्कामी फोन करून स्नानगृहाच्या दाराची रुंदी विचारावी. खुर्ची बहुधा तिथेच अडते. गाडीत मावेल का, आणि ती उचलणार कोण? आणि वाटेत कुणाच्या अंगावर किती भार पडेल? थोडे चालता येत असेल तर काठी किंवा वॉकर सोबत असूच द्यावा. खुर्ची लांब अंतरासाठी. आजार नवा असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी.

१६/ या चारही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न आजीलाच विचारायचा: ‘तुला काय बरं वाटेल?’ बहुतेक घरांत साधन तिच्या पाठीमागे ठरते, आणि मग खुर्चीत बसून ती बागेऐवजी वाहनतळाकडे तोंड करून राहते, कारण ढकलणाऱ्याने खुर्ची तशी उभी केलेली असते.

१७/ तुमच्या घरातील वृद्ध पूर्वी जत्रेला, तीर्थाला, थंड हवेच्या गावाला कसे जात? डोली, बैलगाडी, कुणाच्या तरी पाठीवर? त्यांना विचारा आणि खाली लिहा. राजांच्या खुर्च्यांची चित्रे आपल्याला मिळतात. आपल्या पणज्या गडावर कशा चढल्या, याची नोंद फक्त त्यांच्या आठवणीत आहे.