निखारा की गॅस?

पौष-माघात यवतमाळ जिल्ह्यातील शेतांतून संध्याकाळी उठणारा धूर प्रत्येक वेळी काडीकचरा जाळल्याचाच असतो असे नाही. कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, शहरातून पाहुणे आलेले असतात आणि धुऱ्यावरच्या झाडाखाली रोडग्यांचा बेत ठरलेला असतो. गोवऱ्यांचा आर, त्यात पुरलेले कणकेचे गोळे, शेजारच्या तीन दगडांच्या चुलीवर रटरटणारी वांग्याची भाजी. उघड्यावर निखाऱ्यांवर शिजवण्याला जगात 'बार्बेक्यू' म्हणतात. विदर्भाला त्यासाठी निराळ्या शब्दाची गरज कधी भासली नाही. मात्र शहरांतील गच्च्यांवर आणि फार्महाउसच्या अंगणात लोखंडी जाळीची शेगडी आली, तिच्या पाठोपाठ सिलिंडरला जोडायची ग्रिलही आली, आणि जाळ कशाचा करावा हा प्रश्न मराठी घरांतही विचारला जाऊ लागला.

या प्रश्नात पहिला घोटाळा 'कोळसा' या शब्दाचाच आहे. यवतमाळ जिल्ह्यात तो अधिक संभवतो, कारण वणी तालुक्यात दगडी कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतून निघणाऱ्या या कोळशात गंधक असते. तो जळताना निघणारा वायू अन्नात आणि छातीत जाऊ देण्याजोगा नाही. त्यावर थेट अन्न भाजणे सर्वस्वी वर्ज्य. भाजण्यासाठी लागतो तो लाकडी, म्हणजे जुन्या बोलीतील 'लोणारी' कोळसा. बाभळीसारखे कठीण लाकूड हवा कोंडून तापवले की त्यातील पाणी, डांबर आणि ज्वलनशील वायू निघून जातात व मागे मुख्यतः कार्बन उरतो. भारतीय वन अधिनियम १९२७ ने लाकडी कोळशाची गणना वनोपजात केलेली आहे. त्यामुळे पोतीच्या पोती वाहून नेण्यापूर्वी परवान्याची चौकशी करणे शहाणपणाचे.

कोळशावर भाजलेल्या पदार्थाला 'कोळशाची चव' येते, ही समजूत सार्वत्रिक आहे. ती निम्मीच खरी. लाकडाच्या धुराला जो खमंग वास असतो तो लाकडातील लिग्निन या घटकाच्या विघटनातून येतो, आणि कोळसा तयार होतानाच त्यातला बराचसा निघून गेलेला असतो. नीट फुललेल्या, वर राखेचा पांढरा थर धरलेल्या निखाऱ्याला धूर जवळजवळ नसतोच. मग चव येते कुठून? मांसातील चरबी, मसाल्यातील तेल, तूप यांचे थेंब निखाऱ्यावर पडतात, क्षणात जळतात आणि त्यांचा धूर पदार्थाला येऊन चिकटतो. स्वयंपाकघरातील धुंगार हा याचा साधा पुरावा होय. पातेल्यात वाटी, वाटीत एक निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि वर झाकण. नुसता निखारा ठेवला तर विशेष काही घडत नाही. तूप पडले की सारी भाजी दरवळते. गॅसच्या ग्रिलमध्ये बर्नरवर तापलेली लोखंडी पट्टी असते, तिच्यावर थेंब पडले तरी असाच धूर निघतो. म्हणून चरबीयुक्त मटणाच्या बाबतीत गॅस वाटतो तितका मागे पडत नाही, आणि पनीर, सिमला मिरची, मक्याचे कणीस यांत दोहोंतला फरक ओळखणे कठीणच.

खरा फरक उष्णता पदार्थापर्यंत कशी पोहोचते यात आहे. फुललेला निखारा ७०० अंश सेल्सियस आणि त्याहूनही अधिक तापतो व आपली बरीचशी उष्णता प्रारणाने, सरळ रेषेत फेकतो. ही उष्णता कोरडी असते. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. त्यात हायड्रोजन असल्यामुळे एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गॅसवर भाजलेल्या पदार्थाची वरची बाजू कोळशाइतकी पटकन खरपूस होत नाही, याचे हे एक कारण आहे. दुसरीकडे एक किलो गॅस सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता देतो, तर चांगला लाकडी कोळसा ७,००० च्या आसपास. शिवाय गॅस काम होताच बंद करता येतो. कोळसा फुलायला वीस-पंचवीस मिनिटे घेतो आणि जेवणे आटोपल्यावरही जळतच राहतो. घाईच्या माणसाचे हे इंधन नव्हे.

रोडग्यांचे गणित मात्र या दोहोंहून वेगळे. एकनाथांच्या भारुडातील सून भवानीला रोडग्याचाच नवस बोलते, एवढा हा पदार्थ जुना. कणकेच्या छोट्या पुऱ्या तेल लावून एकीवर एक रचायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या आरात ठेवून वर राख ओढायची. इथे जाळ नकोच असतो. राख उष्णता कोंडून धरते, सर्व बाजूंनी सारखी पोहोचवते आणि आतले पदर न करपता शिजतात. वरून टणक झालेला रोडगा फडक्याने झटकून, दाबून फोडला की तो तूप पिण्यास तयार. गॅसच्या उघड्या ज्योतीवर हे घडत नाही. खालचा भाग जळतो, आत कणीक कच्ची राहते. झाकणाचा गॅस तंदूर किंवा ओव्हन वापरून काम भागते आणि शहरातील अनेक घरे तसेच भागवतात. ते रोडगे वाईट नसतात, परंतु शेतातल्यासारखेही नसतात. गोवऱ्यांबाबत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. त्यांचा धूर पूर्ण सरून आर झाल्याखेरीज त्यात काहीही ठेवू नये. हुरड्याच्या आगटीलाही हाच नियम.

वांग्याच्या भरीताची तऱ्हा पुन्हा निराळी. त्याला आर नव्हे, भडक जाळ हवा, आणि कापसाच्या या जिल्ह्यात तो पऱ्हाटीइतका दुसरे कोणी देत नाही. साल करपते, गर आतल्या वाफेवर शिजतो आणि न जळलेल्या काडीचा धूर सालीतून आत मुरतो. हा धूर गॅसपाशी नाही, कोळशापाशीही नाही. पऱ्हाटीची गोष्ट निघाली म्हणून सांगायचे, की जळणासाठी तिच्या गंज्या घराशेजारी वा बांधावर रचून ठेवण्याची जुनी सवय आता महागात पडते. २०१७ मध्ये विदर्भातील कापूस गुलाबी बोंडअळीने पोखरला. तिच्या सुप्तावस्थेतील अळ्या पऱ्हाटीला उरलेल्या बोंडांत तग धरतात, आणि म्हणूनच फरदड न घेता पऱ्हाटीची लवकर विल्हेवाट लावावी, असा कृषी खात्याचा आग्रह असतो. भरीतापुरती मोळीभर काडी हंगामातच वापरून संपवलेली बरी.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन्ही इंधनांचे धोके अगदी भिन्न आहेत आणि ते नेमके उलटे समजले जातात. गॅसला लोक भितात, शेगडीला नाही. प्रत्यक्षात थंडीच्या रात्री उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब मिळावी म्हणून खोलीत नेऊन दार लावणे हे अतिशय घातक कृत्य आहे. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि झोपेतच घात होतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ येथे मुळीच होत नाही. मंडप, बंद व्हरांडा, मोटारीची मागची बाजू यांनाही हेच लागू.

गॅसला निदान मुद्दाम मिसळलेला वास असतो. पण तो हवेहून जड असल्याने खड्ड्यात, नालीत, विहिरीच्या काठच्या सखल जागेत साचून राहतो. शेतात वाऱ्याने ज्योत विझली आणि कॉक उघडाच राहिला तर हे हमखास घडते. सिलिंडर उभा, सपाट जागी आणि ग्रिलपासून दूर ठेवावा. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून नव्हे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यावसायिक भोजनासाठी वापरण्यास मनाई आहे. जेवणावळीच्या कंत्राटदाराने १९ किलोचाच आणला पाहिजे. सहलीसाठी ५ किलोचा पुरतो.

कोळसा पेटवताना रॉकेल ओतण्याचा मोह टाळावा, त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत पाठ सोडत नाही. गोवरीचा तुकडा आणि मूठभर पऱ्हाटी एवढ्यावर तो सहज धरतो. राखीव जंगलात विस्तव पेटवणे कायद्याने गुन्हा आहे. शेतातही कुटाराची गंजी आणि वाळलेले गवत यांपासून अंतर राखून जागा निवडावी. जेवणे झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी मारून, ते उलथून पुन्हा पाणी मारावे, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात विस्तव सकाळपर्यंत जागा असतो. पूर्ण निवलेली राख मग वांग्यांच्या वाफ्यात टाकायला उपयोगी पडते.