आधीचंच दार

दिवाळीला गंगापूरला घरी आलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन आला: चाळीसपैकी एका सर्व्हरवर अपडेट राहिलंय. प्रत्येक सर्व्हरवर हाताने कमांड चालवणारा मीच, आणि सगळी यादी माझ्याच डोक्यात.

हे दुखणं जुनं आहे. १९९५ मध्ये फिनलंडच्या एका विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा टाटू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. दूरच्या मशीनमध्ये शिरायचं ते सुरक्षित दार. २००५ मध्ये आलेल्या पपेटसाठी सहसा प्रत्येक सर्व्हरवर एजंट बसवावा लागे, म्हणजे त्याचीही देखभाल आली. २०१२ मध्ये मायकेल डिहान यांनी ॲन्सिबल आणलं. त्यात एजंट नाही. एसएसएचचं आधीचंच दार वापरायचं. सर्व्हर कसा हवा ते साध्या फाइलीत लिहायचं. तो तसाच असेल, तर सहसा काहीच बदलत नाही. २०१५ मध्ये रेड हॅटने ही कंपनी विकत घेतली.

सुट्टीनंतर मी डोक्यातली यादी फाइलीत उतरवली. पुढच्या दिवाळीत फोन आला नाही. टीममधल्या नव्या मुलीने तीच फाइल चालवली होती.

आई म्हणाली, "यंदा लॅपटॉप नाही का रे आणलास?"