आत्मकरुणा
अपयशात किंवा दुःखात स्वतःला दूषणे न देता, जिवलगाला द्यावा तसा धीर स्वतःला देण्याची वृत्ती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन घटक मांडले : स्वतःविषयी ममत्व, दुःख सर्वांच्याच वाट्याला येते ही जाणीव आणि वेदनेकडे सजगपणे पाहणे. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतील विनाशर्त आत्मस्वीकार ही तिच्या जवळची संकल्पना. महाराष्ट्रात या पद्धतीचा प्रसार कि. मो. फडके यांनी केला.

परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या कापूसपट्ट्यात नापिकी, पडलेले भाव व कर्ज यांमुळे ‘मी घर बुडवले’ असा विचार शेतकऱ्याच्या मनात ठाण मांडू शकतो. तो विचार नेमक्या शब्दांत ओळखणे, पाऊस व बाजारभाव यांसारख्या हाताबाहेरच्या गोष्टी वेगळ्या काढणे, एका हंगामावरून स्वतःची किंमत न ठरवणे आणि अशाच अडचणीतील मित्राला जे सांगितले असते ते स्वतःला सांगणे, हा आत्मकरुणेचा सराव होय. आत्मकरुणा चुकीवर पांघरूण घालत नाही. चूक मान्य करून ती सुधारण्याचे बळ देते.

निराशा टिकून राहिल्यास किंवा जीव देण्याचे विचार आल्यास तज्ज्ञांची मदत तातडीने घेणे आवश्यक असते. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यातील १४ जिल्ह्यांत परभणीचा समावेश होता. २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ (१४४१६) ही मोफत दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.