रिस्क घेताय की फासे टाकताय?

बिबवेवाडीतून पुन्हा एकदा तुमच्या कानांपर्यंत. आजचा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो: रिस्क.

गंगाधाम चौकात सिग्नल पिवळा झाला की मागचा म्हणतो, "काढ रे, घे रिस्क." नोकरी सोडायची, रिस्क. मोबाईलवर ऑप्शन घ्यायचा, तीही रिस्क. इतक्या वेगळ्या गोष्टींना एकच शब्द पुरतो का? मला वाटतं, नाही.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये इटालियनमधून. इटलीच्या बंदरांतले व्यापारी माल समुद्रात बुडाला तर नुकसान कोणी सोसायचं, हे करारात आधीच लिहून ठेवायचे. त्या कागदांवर हा शब्द वाढला. त्याच्याही मागचं मूळ काही अभ्यासक समुद्री कड्याच्या ग्रीक शब्दात शोधतात, तर काही अरबी 'रिझ्क'मध्ये, म्हणजे नशिबाने मिळणाऱ्या रोजीरोटीत.

आता त्याचा भाऊबंद बघा: हॅझर्ड. गाडीचे चारही इंडिकेटर एकदम लावतो ना, ते हॅझर्ड लाइट. अनेक कोशकार हा शब्द अरबी फाशापर्यंत नेतात. इंग्लंडमध्ये हॅझर्ड नावाचा फाशांचा जुगारच खेळला जायचा. म्हणजे धोका दोन्हीकडे आहे, पण एक शब्द करारातून आलाय आणि दुसरा जुगारातून.

मग आपली जोखीम कुठली? अभ्यासक तिचं मूळ संस्कृत 'योगक्षेम'मध्ये दाखवतात. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं सांभाळणं. एलआयसीच्या बोधवाक्यात हाच शब्द आहे, गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतलेला. गंमत आहे की नाही? सुरक्षिततेचा शब्द फिरत फिरत धोक्याचा झाला. पण सांभाळण्याची जबाबदारी त्यातून गेली नाही. म्हणून तर आपण जोखीम 'उचलतो', 'पत्करतो'.

पश्चिम भारतातल्या व्यापाऱ्यांकडे तर 'जोखमी हुंडी' होती. माल जहाजावर चढवला की व्यापारी गिऱ्हाईकावर हुंडी लिहायचा आणि ती सराफाला विकून रोख पैसे घ्यायचा. माल सुखरूप पोचला, तर सराफ गिऱ्हाईकाकडून रक्कम वसूल करायचा. माल बुडाला, तर पैसे सराफाचे गेले. हुंडी आणि विमा, एकाच कागदावर! सराफ हे धाडस म्हणून करत नव्हता. धोका जोखून, त्याची किंमत लावून मगच हुंडी घ्यायचा.

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येऊ. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा, खर्च धरून, माणशी सुमारे 2 लाख रुपये. यातल्या किती जणांनी सराफासारखं आधी जोखलं असेल?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "घे रिस्क" म्हटलं, तर त्याला एवढंच विचारा: जहाज बुडालं तर पैसे कोणाचे, आणि किती? उत्तर तयार असेल, तर ती रिस्क. नसेल, तर मित्रा, तू फासे टाकतोयस.

भेटू पुढच्या भागात, नव्या शब्दासह.