नगरपालिकेतील एकटे मत

आपल्या ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना पन्नास वर्षांचा हिशेब डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. जैन संघाच्या व्यवहारात एक शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली आहे. देवद्रव्य वेगळे, जीवदयेचे खाते वेगळे, साधारण खाते वेगळे. ज्या क्षेत्रासाठी रक्कम आली, त्याच क्षेत्रात ती वापरली जावी, याविषयी आपले विश्वस्त दक्ष असतात. हीच दक्षता नगरपालिकेच्या तिजोरीलाही लागू असावी, असे मानणारा एक सभासद सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात होऊन गेला. त्यांचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. समाजसुधारक म्हणून महात्मा फुले सर्वांना परिचित आहेत. परंतु नगरपालिकेचे सभासद म्हणून त्यांनी केलेल्या कार्याची माहिती आपल्यापैकी फारच थोड्यांना असेल.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराण्याचा व्यवसाय फुलांचा व भाजीपाल्याचा. १८४८ साली त्यांनी पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला आणि १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. याच जोतीरावांची दुसरी ओळख व्यापाऱ्याची व कंत्राटदाराची होती. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा संबंध होता. चुन्याचा व दगडाचा भाव, मजुराची रोजी आणि कंत्राटातील गळती त्यांना ठाऊक होती. सार्वजनिक कामावर पैसा कसा खर्च होतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले होते.

१८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. आजच्या अर्थाने ते निवडून आलेले नव्हते, कारण त्या काळी सभासदांची नेमणूक सरकार करीत असे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ सालचा, आणि मुंबई इलाख्यात लोकनियुक्त सभासदांना खरे स्थान मिळाले ते त्यानंतरच्या कायद्याने. ज्याची नेमणूक सरकार करते, त्याने सरकारची मर्जी सांभाळावी, असा सर्वसाधारण रिवाज होता. जोतीरावांनी तो पाळला नाही.

त्यांच्या सभासदत्वाच्या काळातच १८७७ चा भीषण दुष्काळ पडला. सत्यशोधक मंडळींसह त्यांनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले. ज्याला आपण अनुकंपादान म्हणतो, तेच हे कार्य होय.

१८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढत चालल्याचे पाहून त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाच्या प्रमुखांना पत्र लिहून हरकत घेतली. लोकांच्या आरोग्यासाठी पालिका खर्च करते आणि त्याच लोकांची घरे गुत्त्यांमुळे उद्ध्वस्त होतात, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. मद्यपानाला सप्त व्यसनांत गणणाऱ्या आपल्या समाजाला हा विषय नवा नाही. विशेष हे की, त्यांनी व्यसनमुक्तीचा केवळ उपदेश केला नाही. तो प्रश्न नगरपालिकेच्या दप्तरात नेला.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. व्हाइसरॉयांच्या पुणे भेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव पालिकेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांनी सुचविले. सूचना मान्य झाली नाही. मतदान झाले तेव्हा बत्तीस सभासदांपैकी विरोधात हात वर झाला तो एकट्या जोतीरावांचा. प्रस्ताव मंजूर झाला, शोभेवर पैसा खर्च झाला. परंतु आज त्या एकतीस मतांची कोणाला आठवण आहे?

तिसरी गोष्ट मंडईची. भाजी बाजारासाठी भव्य इमारत उभारण्याच्या योजनेलाही त्यांचा विरोध होता. मंडई निरुपयोगी होती असे नव्हे. ज्यांच्या घरचा व्यवसायच भाजीपाल्याचा, त्यांना बाजाराचे महत्त्व कोणी सांगावे? प्रश्न अग्रक्रमाचा होता. बहुजनांची मुले निरक्षर असताना आधी शाळा की आधी इमारत, एवढेच ते विचारीत होते. मंडई बांधली गेली व १८८६ साली रे मार्केट या नावाने सुरू झाली. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेचे सभासद झाले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, तिनेच त्यांचे नाव धारण करावे, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

या विचारांचे बीज जैन घरातही रुजले. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील सत्यशोधक विचारांनी प्रेरित झाले आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आधी शाळा, हा जोतीरावांचा आग्रह त्यांनी खेडोपाडी पोहोचविला.

आता आपल्या भिवंडीकडे वळू. येथील नगरपालिका एकोणिसाव्या शतकातील, म्हणजे जोतीरावांच्याच काळातील. २००१ साली तिची महानगरपालिका झाली. आज प्रत्येक प्रौढ नागरिकास मताधिकार आहे, आणि २०११ पासून राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. जोतीरावांच्या काळी जे नव्हते, ते सर्व आपल्यापाशी आहे. उणीव आहे ती आपल्या बाजूने. समारंभाला नगरसेवकांना बोलावून आपण शाल व श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो. परंतु नारपोलीतील पाणी, गटारे, महापालिकेची शाळा यांसाठी अंदाजपत्रकात किती तरतूद झाली आणि त्यातील किती रक्कम त्याच कामी लागली, हे विचारीत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्या कामगारांची मुले कोणत्या शाळेत जातात, हेही आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मी स्वतःलाही यातून वगळत नाही. दुकानातील रोजमेळ एका रुपयाने जुळला नाही, तर रात्री झोप लागत नाही; शहराची खतावणी मात्र मी आयुष्यात एकदाही उघडून पाहिली नाही.

मंदिराच्या भांडारातील पैशाविषयी आपण जी पापभीरुता बाळगतो, तीच करदात्यांच्या पैशाविषयी बाळगली, तर आपल्या मतांवर निवडून येणाऱ्या प्रतिनिधीलाही योग्य ठिकाणी एकटे उभे राहण्याचे बळ मिळेल. एकटे मत हरते, पण वाया जात नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ही जाणीव आपणा सर्वांत जागृत होवो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेन्द्र!